अंतराळात तग धरणारे जीव

अंतराळात एखादा जीव जिवंत राहू शकतो का, हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. तिथे राहून खाणे, वाढणे, पिल्ले देणे असा संसार कुणी थाटू शकतो का? तसे नसेल, तर मरण टाळून काही काळ नुसते पडून राहता येते का? आणि पडून राहिलेला जीव जिथून निघाला तिथला धक्का, जिथे पोचला तिथला धक्का सोसून पुन्हा जागा होतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. द्रवरूप पाण्याशिवाय चयापचय चालल्याचे आजवर कुठेही आढळलेले नाही, आणि उघड्या निर्वातात पाणी द्रवरूपात टिकत नाही. खरी माहिती आणि खरे वाद आहेत ते उरलेल्या दोन प्रश्नांत. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळून जातात, आणि ‘अंतराळात जिवंत राहिले’ एवढेच वाचकाच्या हाती लागते.

जिवाला तिथे कशाकशाला तोंड द्यावे लागते? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे हवा इतकी विरळ असते की पेशीतले पाणी पाहता पाहता निघून जाते. पाणी गेले की पेशीची पटले फाटतात, प्रथिने गुंतून बसतात आणि डीएनएला चिरा पडू लागतात. दर दीड तासाच्या फेरीत वस्तू उन्हातून सावलीत जाते, त्यामुळे तिचे तापमान शंभर अंशांच्या वरून शून्याखाली शंभराच्या आसपास घसरू शकते. चंद्रपूरकरांना उन्हाळ्यातल्या ४७-४८ अंशांचे अप्रूप नाही. पण तिथला उन्हाळा निदान महिनाभर तरी टिकतो, कक्षेत ऋतू पाऊण तासाला पालटतो. याखेरीज विश्वकिरण आणि सूर्याकडून येणारे प्रोटॉन आहेत. परंतु या सगळ्यांपेक्षा झपाट्याने मारणारी गोष्ट म्हणजे सूर्याचे अतिनील किरण. त्यांतला सर्वांत घातक भाग पृथ्वीवरचा ओझोनचा थर अडवतो. अंतराळात तो थर नाही, आणि हे किरण नेमके डीएनएतच शोषले जातात. निर्वातात आठवडे काढू शकणारा उघडा जीवाणू तिथल्या थेट उन्हात काही मिनिटांत, फार तर काही तासांत संपतो.

म्हणून तग धरणाऱ्या जिवांची पहिली युक्ती म्हणजे निर्वात हिरावून घेईल ते पाणी आधीच सोडून देणे. बॅसिलस वंशाच्या जीवाणूंना उपासमार जाणवली की ते बीजाणू बनवतात. बीजाणूच्या गाभ्यात पाणी अगदी कमी असते. त्याची जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचे संयुग घेते, डीएनएभोवती लहान प्रथिनांचे वेष्टन चढते आणि बाहेर थरावर थर असलेले कवच येते. या अवस्थेत श्वसन नाही, वाढ नाही, मोजता येईल असा कोणताही व्यवहार नाही. टार्डिग्रेड, म्हणजेच पाण-अस्वल, हा आठ पायांचा, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा प्राणी शेवाळाच्या ओलाव्यात राहतो. ओल संपू लागली की तो पाय आत ओढून आखडतो, अंगातले जवळजवळ सगळे पाणी सोडतो आणि एखाद्या कोरड्या बियेसारखा होऊन बसतो. पाण्याचा थेंब पडला की अर्ध्या तासात चालू लागतो.

तिसरे उदाहरण विदर्भातल्या स्वयंपाकघरात डब्यात भरून ठेवलेले असते. सावजी मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हे. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी आहे. खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणारी शैवाके कोरड्या जंगलातल्या उन्हाळ्यात पूर्ण वाळून जातात, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांचे प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते. दगडफुलाला कुणी अंतराळात पाठवलेले नाही, पण त्याच्या नात्यातल्या दोन शैवाकांना पाठवले आहे. स्पेनमधल्या पर्वतांवरून गोळा केलेली रायझोकार्पन जिऑग्राफिकम आणि झँथोरिया एलेगन्स ही शैवाके मे २००५ अखेर रशियाच्या फोटॉन-एम२ यानाच्या बाहेरच्या अंगाला बसवून सोडण्यात आली. सुमारे पंधरा दिवस ती उघड्या अंतराळात, अतिनील किरणांसकट सगळे सोसत होती. परत आणून भिजवल्यावर दिवसभरातच त्यांचे प्रकाशसंश्लेषण पूर्वपदावर आले. त्यांच्या वरच्या सालीतली रंगद्रव्ये अतिनील किरण अडवतात. उंच डोंगरावरच्या उन्हासाठी घडलेली ही छत्री अंतराळातही उपयोगी पडली.

टार्डिग्रेडची परीक्षा सप्टेंबर २००७ मध्ये फोटॉन-एम३ यानावर झाली. स्वीडनच्या इंगेमार यॉन्सन यांच्या गटाने दोन जातींचे वाळलेले टार्डिग्रेड दहा दिवस अंतराळात ठेवले. काहींना फक्त निर्वात भोगू दिले, काहींना निर्वाताबरोबर ऊनही. नुसत्या निर्वाताने त्यांचे फारसे बिघडले नाही. परत आल्यावर ते जागे झाले, त्यांनी अंडी घातली आणि अंड्यांतून पिल्लेही निघाली. पूर्ण अतिनील किरणांत ठेवलेल्यांपैकी मात्र मोजकेच वाचले. हा निकाल ‘टार्डिग्रेड अंतराळात जगतात’ असा जगभर गाजला. तो सांगताना ‘सावलीत’ हा शब्द गाळला जातो, आणि नेमका तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला यांच्या ॲक्सिऑम-४ मोहिमेत भारतीय टार्डिग्रेडही स्थानकावर गेले होते. पण तो प्रयोग स्थानकाच्या आत, माणसाच्याच हवेत झाला. वजनरहित अवस्थेत आणि वाढीव प्रारणात त्यांच्या जनुकांचे आणि प्रजननाचे काय होते, हा त्याचा विषय होता. आत राहणे आणि बाहेर राहणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

बाहेर राहण्याचा मोठा विक्रम जीवाणूंच्या बीजाणूंच्या नावावर आहे. अमेरिकेने १९८४ मध्ये सोडलेला ‘एलडीईएफ’ हा उपग्रह वर्षभरात परत आणायचा होता. चॅलेंजर यानाच्या अपघातामुळे तो वरच राहिला आणि १९९० च्या जानेवारीत उतरवला गेला. जवळजवळ सहा वर्षांनंतर, उन्हापासून झाकलेले बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू मोठ्या संख्येने जिवंत निघाले. ग्लुकोजच्या थरात बसवलेल्यांची स्थिती विशेष चांगली होती, कारण साखर वाळलेल्या पेशीत पाण्याची जागा घेते आणि रेणूंना कोसळू देत नाही. पुढे स्थानकाच्या बाहेर ‘एक्सपोज’ नावाचे प्रयोग दीड-दीड वर्ष चालले. २०२२-२३ मध्ये जपानी संशोधकांनी मॉस या वनस्पतीचे बीजाणू २८३ दिवस बाहेर ठेवले. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक जिवंत परतले.

प्रारण पचवण्याच्या बाबतीत डायनोकॉकस रेडिओड्युरान्स या जीवाणूचा हात धरणारे फार थोडे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आर्थर अँडरसन डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रयत्न करत होते. इतके किरण देऊनही एक डबा नासला, आणि त्यात हा गुलाबी जीवाणू सापडला. माणसाला सुमारे ५ ग्रे एवढी मात्रा प्राणघातक ठरते. हा जीवाणू ५,००० ग्रे सहज पचवतो. त्याच्या गुणसूत्रांचे तेवढ्या माऱ्यात तुकडे होतातच. तुकडे झाल्यावर काही तासांत ते पुन्हा योग्य क्रमाने जोडणे ही त्याची करामत आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या जीवाणूवर दीर्घकाळ काम झाले आहे. श्री. कु. आपटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यात बाहेरचे जनुक घालून विरल अणुकचऱ्यातले युरेनियम अवक्षेपित करून दाखवले. अंतराळाशी त्या कामाचा थेट संबंध नाही, पण मुंबईत बसून या जीवाणूची दुरुस्ती-यंत्रणा उलगडणाऱ्यांनी पुरवलेले ज्ञान अंतराळाच्या प्रश्नालाच लागू पडते.

कारण इथे एक पेच आहे. दुरुस्तीला ऊर्जा लागते, विकरे लागतात, पाणी लागते. वाळून झोपलेल्या जिवाकडे यातले काहीच चालू नसते. म्हणजे निर्वातापासून वाचवणारी झोपच दुरुस्ती बंद ठेवते. डीएनएला पडणारी प्रत्येक चीर तशीच राहते, पुढची तिच्यात मिळते. वाण्याच्या वहीत उधारी साठत जावी आणि पावसाळ्यानंतर एकदम हिशेब व्हावा, तसा हा प्रकार आहे. जागे होताच जिवाला सगळे देणे एकाच वेळी फेडावे लागते. फेडण्याच्या कुवतीपेक्षा उधारी मोठी झाली असेल, तर पाणी मिळूनही तो उठत नाही. डायनोकॉकसची ताकद ही फेडण्याची कुवत आहे, तर टार्डिग्रेडच्या एका जातीत २०१६ मध्ये सापडलेले ‘डीसप’ हे प्रथिन मुळात उधारीच कमी होऊ देते. ते डीएनएला लपेटून बसते.

उधारी कमी ठेवण्याचा याहून सोपा उपाय म्हणजे आडोसा. जपानच्या ‘तानपोपो’ प्रयोगात २०१५ ते २०१८ या काळात डायनोकॉकसच्या वाळलेल्या पेशींचे थर स्थानकाच्या बाहेर ठेवले होते. अर्ध्या मिलिमीटरहून जाड थरांमधल्या आतल्या पेशी तीन वर्षांनंतरही जिवंत होत्या. वरच्या मेल्या होत्या, आणि मेलेल्यांच्या पापुद्र्यानेच खालच्यांना सावली दिली होती. अकिहिको यामागिशी यांच्या गटाने यावरून मांडले की दगडाची गरजच काय, मिलिमीटरभर जाडीचा जीवाणूंचा गोळाही पृथ्वीहून मंगळापर्यंतचा लहानसा प्रवास पेलू शकेल. धूळही हेच काम करते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या खुल्या खाणीभोवती झाडांच्या पानांवर कोळशाची जी काळी पूड बसते, तिच्यासारखा कार्बनचा पातळ थर अतिनील किरण पार अडवायला पुरेसा असतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. काळी पूड ऊन शोषते आणि तापते. शिवाय विश्वकिरणांपुढे मिलिमीटरभर आडोशाचा काहीच उपयोग नाही. त्यांना अडवायला खडकाची जाडीच हवी.

इथवर झाले ते अंतराळात पडून राहण्याविषयी. उतरण्याचे काय? या प्रश्नाचा एक दाखला चंद्रपूर जिल्ह्यातच पडला. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आभाळात जळत जाणारी रांग पाहिली. त्यानंतर सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे, चाळीसएक किलो वजनाचे धातूचे कडे सापडले, आणि पवनपारसारख्या आसपासच्या गावांच्या शिवारात धातूचे गोळे. आधी उल्कावर्षावाच्या अफवा उठल्या. खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३बी’ या चिनी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते. इस्रोच्या पथकानेही तिथे येऊन पाहणी केली. म्हणजे ती वस्तू वर्षभराहून अधिक काळ अंतराळात होती. भूस्थिर उपग्रहाला उंच कक्षेकडे ढकलून मागे राहिलेला हा टप्पा लांबट कक्षेत फिरत पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून पुन्हा पुन्हा गेलेला असणार.

अशा वस्तूवर कारखान्यातून एखादा बीजाणू चढला असेल, तर तो लाडबोरीत जिवंत उतरेल का? कड्याच्या पृष्ठभागावर असेल तर नाही. वातावरणात सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने घुसणाऱ्या वस्तूच्या पुढची हवा दाबली जाऊन हजारो अंशांपर्यंत तापते, आणि धातू वितळेल इतकी आग पृष्ठभागावर खेळते. युरोपीय अंतराळ संस्थेने ‘स्टोन’ नावाच्या प्रयोगांत फोटॉन यानांच्या उष्णताकवचात खडकाच्या चकत्या बसवून हेच तपासले. २००५ च्या प्रयोगात खडकाच्या पोटात पाच मिलिमीटर खोल क्रूकोसायडिऑप्सिस हे चिवट सायनोबॅक्टेरिया ठेवले होते. एकही वाचला नाही. पण खडक मोठा असेल तर गोष्ट बदलते. घुसण्याचा काळ काही सेकंदांचा असतो आणि दगड उष्णतेचा वाईट वाहक आहे. बाहेरचा थर वितळून गळून जातो आणि आत थंडच राहते. अंटार्क्टिकात १९८४ मध्ये सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या दगडातली चुंबकीय खूण तपासल्यावर २००० मध्ये दिसले की मंगळ सोडल्यापासून त्याचा गाभा ४० अंशांहून जास्त तापलेलाच नाही. चंद्रपूरच्या मेमधल्या सावलीपेक्षाही तो थंड राहिला.

बंदिस्त पेटीचाही असाच एक पुरावा आहे, आणि तो एका दुर्घटनेतून मिळालेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना साधारण साठ किलोमीटर उंचीवर फुटले, कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. टेक्सासमध्ये विखुरलेल्या अवशेषांत पुढे ॲल्युमिनियमचे काही डबे सापडले. त्यांत प्रयोगासाठी नेलेले सी. एलेगन्स हे मिलिमीटरभर लांबीचे सूत्रकृमी होते, आणि आठवड्यांनंतर डबे उघडले तेव्हा ते जिवंत होते. ते कृमी झोपलेले नव्हते, वाळलेले नव्हते, चिवटपणासाठी त्यांची ख्यातीही नाही. लाडबोरीच्या कड्यावर बीजाणू मरतील, पण पवनपारच्या गोळ्यासारख्या बंद भांड्याच्या पोटातल्या बीजाणूंना बरी संधी असते, असे यावरून म्हणता येते.

निघण्याचा धक्का उतरण्याहून जबर असतो. ग्रहावरचा दगड अंतराळात फेकला जातो तो दुसऱ्या मोठ्या पाषाणाच्या आघाताने. असे झाल्याचा पुरावा भारतातच पडलेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेला सुमारे पाच किलोचा अशनी मंगळावरून आलेला आहे, आणि त्या प्रकारच्या अशनींना ‘शेरगोटाइट’ हे जागतिक नाव त्याच गावावरून मिळाले. त्यातले फेल्डस्पार खनिज आघाताच्या दाबाने काचेसारखे होऊन गेले आहे. अशीच काच बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवरात मिळते. बेसाल्ट खडकात झालेले हे आघातविवर असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक तिथले दगड तुलनेसाठी वापरतात. अशा दाबात, म्हणजे ५ ते ४० गिगापास्कलांपर्यंत, खडकाच्या चकत्यांमध्ये बीजाणू, सायनोबॅक्टेरिया आणि शैवाके दाबून पाहण्याचे प्रयोग जर्मनीत झाले. बीजाणू आणि शैवाके त्या पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंत थोड्या संख्येने टिकली, सायनोबॅक्टेरिया त्याआधीच संपले. लाखात एक वाचला तरी भागते, कारण एका मुठीएवढ्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात.

निघणे आणि उतरणे असे दोन्ही झेपण्यासारखे निघाले, आणि मग काळ आडवा आला. शेरघाटीचा दगड मंगळ सोडून पृथ्वीवर पोचेपर्यंत वीस-तीस लाख वर्षे अंतराळात भटकला. प्रयोगांचा पल्ला सहा वर्षांचा आहे. या दोन आकड्यांमध्ये पूल बांधायचा, तर पृथ्वीवरच दीर्घ झोपेचे दाखले शोधावे लागतात. माजरीच्या खाणीतून जो कोळसा निघतो तो पर्मियन काळातला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्याच काळाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत मिठाचे थर साचले. २००० मध्ये रसेल व्रीलँड आणि सहकाऱ्यांनी त्या मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या थेंबातून एक बॅसिलस वाढवून दाखवला आणि तो पंचवीस कोटी वर्षांचा असल्याचे जाहीर केले. आक्षेप लगेच आले. त्याचे जनुक मृत समुद्रातल्या आजच्या एका जीवाणूशी इतके जुळत होते की मधल्या पंचवीस कोटी वर्षांत काहीच बदल झाला नाही असे मानावे लागे. दुसरे म्हणजे, विश्वकिरणांचा प्रश्न नसला तरी खडकातल्याच पोटॅशियमचा किरणोत्सर्ग आणि पाण्याने होणारी डीएनएची झीज चालूच राहते, आणि झोपलेल्याला दुरुस्ती नसते. मिठाच्या भेगेतून नंतर आत शिरलेला पाहुणा, हे स्पष्टीकरण बहुतेकांना अधिक पटते. अंतराळाची थंडी रासायनिक झीज मंदावते, ही तिथल्या झोपेची जमेची बाजू. विश्वकिरण ही खर्चाची. लाखो वर्षांच्या हिशेबात ही वजाबाकी कुठे थांबते यावरच दगडांतून जीवन ग्रहाग्रहांत पसरले की नाही, याचे उत्तर अवलंबून आहे.

जीवन पृथ्वीवर बाहेरून आले असावे, ही कल्पना स्वान्ते आर्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली. १९७० च्या दशकापासून फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी तिला धूमकेतूंची जोड दिली. धूमकेतूंच्या धुळीबरोबर सूक्ष्मजीव आजही पृथ्वीवर उतरत असतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे तपासण्याचे ज्यांनी मनावर घेतले ते हॉइल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी, कोल्हापुरात जन्मलेले आणि मराठी वाचकांना विज्ञानकथाकार म्हणून परिचित असलेले जयंत नारळीकर. त्यांचा विचार साधा होता. सूक्ष्मजीव वरून येत असतील, तर खालची हवा जिथे पोचत नाही अशा उंचीवरची हवा गोळा करून पाहावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची हैदराबादची फुगा-सुविधा आणि इस्रोचे हवा गोठवून पकडणारे उपकरण, दोन्ही भारतात तयार होते.

पहिला फुगा २१ जानेवारी २००१ रोजी उडाला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतचे नमुने घेऊन आला. त्यांतून दोन जीवाणू आणि एक बुरशी वाढवल्याचे ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. तिन्ही पृथ्वीवर सर्रास आढळणाऱ्या जाती होत्या, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या भेसळीचा संशय फिटला नाही. २० एप्रिल २००५ च्या दुसऱ्या उड्डाणात अधिक काळजी घेतली गेली. ४५९ किलोच्या सामग्रीत निर्जंतुक केलेल्या, हवा काढून घेतलेल्या पोलादी नळ्या होत्या आणि त्या ३८ किलो द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. नळीचे तोंड उघडले की आत आलेली हवा त्या थंडीने गोठते, म्हणून आणखी हवा ओढली जाते. पंप न लावता मोठा नमुना मिळतो. वीस ते एकेचाळीस किलोमीटर या पट्ट्यातले नमुने घेऊन नळ्या हवाई छत्रीने उतरल्या. मग त्या एकाच प्रयोगशाळेत न देता हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे स्वतंत्र तपासणीसाठी गेल्या.

बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती उगवल्या. बहुतेक ओळखीच्या जाती निघाल्या, तीन जीवाणू मात्र नवे होते. २००९ मध्ये त्यांचे बारसे झाले: हॉइल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोसाठी बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटांच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाय. तिघांचीही अतिनील किरणे सोसण्याची क्षमता त्यांच्या नातेवाईक जातींपेक्षा जास्त होती. ‘अंतराळातले जीवाणू सापडले’ असे त्या वेळी छापून आले. इस्रोचे निवेदन त्यामानाने कितीतरी संयमी होते. हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध झालेले नाही, पण शोध पुढे चालू ठेवायला उत्तेजन मिळाले आहे, असा त्याचा आशय होता.

एकेचाळीस किलोमीटर म्हणजे अंतराळ नव्हे. पण सूक्ष्मजीवाच्या दृष्टीने फरक थोडाच आहे. ओझोनचा बहुतांश थर त्या उंचीच्या खाली राहतो, हवेचा दाब जमिनीवरच्या चारशेव्या भागाच्या आसपास येतो. तिथे जिवंत बीजाणू असतात, ही या प्रयोगाची खरी कमाई आहे; ते कुठून आले, हा वेगळा मुद्दा. नारळीकर आणि सहकाऱ्यांचा युक्तिवाद असा की ढगांच्या पट्ट्याच्या वर तापमान उंचीनुसार वाढत जाते, तिथे हवा वर चढत नाही, म्हणून खालचा जीवाणू तिथवर जाणे अवघड आहे. हा युक्तिवाद पूर्वीइतका मजबूत राहिलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या हुंगा ज्वालामुखीचा लोट सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला, म्हणजे तिथवर वर ढकलणाऱ्या यंत्रणा पृथ्वीवर आहेत. अतिनील किरणांचा पुरावाही दोन्हीकडून वाचता येतो. उन्हातून वर तरंगत जाणाऱ्या हजार जीवाणूंपैकी जे चिवट तेवढेच टिकणार, म्हणून तिथे सापडणारे चिवटच असणार. त्यासाठी त्यांना परग्रहावर जन्माला घालण्याची गरज नाही. शिवाय तिन्ही नवे जीवाणू पृथ्वीवरच्याच वंशांच्या चौकटीत बसतात. त्यांची जनुकीय लिपी तीच, राहणी तीच. आर्यभट्टायला तर पुढे बॅसिलस मेगाटेरियम या मातीतल्या सामान्य जीवाणूपासून वेगळे मानावे की नाही, यावरच वर्गीकरणकारांत मतभेद झाले. २०१४ मध्ये इंदूरच्या संशोधकांनी मध्य भारताच्या काळ्या जमिनीतल्या सोयाबीन आणि गहू या पिकांसाठी आर्यभट्टायचेच वाण वापरले. ते जमिनीतले न विरघळणारे जस्त विरघळवून पिकाला मिळवून देतात. आभाळात ओळख झालेला हा जीव वरोरा-भद्रावतीकडे दिसते तसल्या काळ्या रानात नांदणारा आहे. तो रानातून वर गेला, हे मानणे तो वरून रानात उतरला असे मानण्यापेक्षा सोपे आहे.

बाहेरून कुणी आले का, हे अनिश्चित आहे; इथून बाहेर जीव जातात, हे मात्र निश्चित. म्हणून १९६७ च्या बाह्य अवकाश करारात इतर ग्रहगोलांची घातक भेसळ टाळण्याचे कलम आहे, आणि भारतही त्या करारात आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने निघण्यापूर्वी सुमारे ११२ अंशांवर तीस तास भाजून काढली होती. यान जोडण्याच्या खोल्या वारंवार धुतल्या जातात, पण धुण्यातून जे वाचतात ते निवडक चिवट निघतात. टर्सिकॉकस फिनिसिस हा जीवाणू फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गियानातल्या अशा दोन स्वच्छ खोल्यांतच सापडला. अपोलो-१२ च्या चमूने १९६९ मध्ये चंद्रावरून आणलेल्या सर्व्हेयर-३ च्या कॅमेऱ्यात स्ट्रेप्टोकॉकस मिळाला, तेव्हा तो चंद्रावर अडीच वर्षे टिकला असे म्हटले गेले. नंतरच्या छाननीत तो पृथ्वीवर परत आल्यावर हाताळणाऱ्यांकडून लागला असण्याचीच शक्यता अधिक दिसली. ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रावर आदळलेल्या इस्रायलच्या बेरेशीट यानात वाळलेले टार्डिग्रेड होते. केंट विद्यापीठातल्या प्रयोगात सेकंदाला सुमारे ०.९ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या माऱ्यात टार्डिग्रेड वाचत नाहीत असे २०२१ मध्ये दिसले, आणि आदळण्याच्या जागेवरचा दाब त्याहून वरचढ ठरला असणार. त्यातून एखादा आडोशाला राहून टिकला असला, तरी तो तिथे चालणार नाही की अंडी घालणार नाही. त्याला उठवायला लागणारा पाण्याचा थेंब तिथे कुणी आणून टाकला, तरच तो उठेल.